दोन सिंहस्थ उलटले, गोष्ट अजून शेवटच्या दारात

2003 च्या सिंहस्थातली शाही स्नानांची गर्दी रामकुंडावरून ओसरली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 2003 ला, अमेरिकेत रिच बर्ल्यू यांनी ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या वेबकॉमिकचा पहिला भाग आपल्या संकेतस्थळावर टाकला. 2015 चा सिंहस्थ आला त्या वर्षी हे कॉमिक हजाराव्या भागापर्यंत पोचलं. आता 2027 च्या पर्वणीसाठी घाटांची आणि रस्त्यांची कामं निघाली आहेत आणि कॉमिकने तेराशेचा टप्पा ओलांडला आहे. गोष्ट अजून संपलेली नाही. बारा वर्षांच्या मापाने काळ मोजणाऱ्या नाशिककरालाही हे लांबलेलं वाटावं, इतकं ते लांबलं आहे. म्हणून या परीक्षणात कॉमिक कसं आहे यासोबत दुसरा प्रश्नही घ्यावा लागतो: हे आता संपवावं, की असंच हळूहळू चालू द्यावं?

आधी वस्तूची ओळख. काड्यांच्या हातापायांची सहा पात्रं आहेत. रॉय हा तलवारबाज आणि टोळीचा नायक, डरकॉन हा बुटका पुरोहित, हेली चोर, इलान भाट, वारसूव्हियस मांत्रिक आणि बेल्कर हा जेमतेम कमरेएवढा, पण अत्यंत हिंसक शिकारी. त्यांच्यासमोर झायकॉन हा मेलेला असूनही न मेलेला जादूगार आणि त्याचा गॉब्लिन या राक्षसी जमातीतला साथीदार रेडक्लोक. जगाच्या वस्त्राला पडलेली भोकं पाच दारं लावून बंद केलेली आहेत, आणि त्या भोकांमागे देवांच्या भांडणातून जन्मलेला, देवांनाही मारू शकणारा एक गुंता कोंडलेला आहे. पाचांपैकी चार दारं आतापर्यंत उद्ध्वस्त झालेली आहेत. पाचवं उत्तर ध्रुवावर आहे. गेली काही वर्षं सगळी पात्रं तिथेच आहेत.

हे सगळं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, फासे टाकत आणि पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या नियमांवर उभं आहे, त्यातही 2003 मध्ये आलेल्या साडेतीनव्या आवृत्तीच्या. पहिल्याच भागात पात्रं जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत बदलतात, विनोद तोच आहे. खेळ कधीच न खेळलेला मराठी वाचक इथेच अडतो आणि पंचवीस-तीस भागांत सोडून देतो. तसं होऊ नये म्हणून चार गोष्टी माहीत असल्या की पुरे. मांत्रिक सकाळी जे मंत्र तयार करतो तेच त्याला दिवसभर वापरता येतात. वापरला की तो मंत्र त्या दिवसापुरता गेला. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची आणि तिच्यात प्रत्येकाला एक पाळी. प्रत्येक पात्राची नीती ठरलेली असते, चांगली-वाईट आणि शिस्तीची-बेशिस्तीची अशा दोन पट्ट्यांवर. आणि मेलेल्याला परत आणता येतं, पण त्याला हिरे लागतात: साध्या मंत्राला 5,000 सुवर्णमुद्रांचे, मोठ्याला 10,000 मुद्रांचे. मरण स्वस्त आहे असं वाटून पुढच्या प्रसंगांचं वजन हरवू नये, म्हणून हा हिऱ्यांचा हिशेब विशेष लक्षात ठेवावा. लेखक तो कधी विसरत नाही.

सुरुवातीच्या 121 भागांचं पहिलं पुस्तक म्हणजे बहुतांश नियमांवरचे विनोद. खरी गोष्ट दुसऱ्या पुस्तकात (122 ते 301) पकड घेते आणि तिसऱ्यात (302 ते 484) निळ्या शहराच्या वेढ्यात उंचीवर जाते. काड्यांच्या माणसांनी लढलेलं हे युद्ध वाचताना काड्या दिसेनाशा होतात. तटबंदीवर उभे असलेले सैनिक, शत्रूने एकाच चेहऱ्याचे तीन जादूगार पाठवून केलेली फसवणूक, नायकाचा अविचार आणि त्याची लगेच मिळालेली शिक्षा, सगळं इतक्या काटेकोर क्रमाने येतं की त्या भागांवरून पटकथा शिकवावी. चौथं पुस्तक (485 ते 672) टोळी फुटल्यामुळे विखुरलेलं वाटतं; त्यातला वारसूव्हियसने सामर्थ्यासाठी सैतानांशी केलेला सौदा मात्र सबंध कॉमिकमधला सर्वांत काळा प्रसंग आहे आणि त्याची किंमत पुढची कितीतरी वर्षं वसूल होत राहते. पाचवं 673 ते 946, सहावं 947 ते 1189. 1190 पासून सातवं, आणि तेच शेवटचं असं लेखकाने सांगून ठेवलेलं आहे.

वारसूव्हियस पुरुष की स्त्री, हे लेखक मुद्दाम कधीच सांगत नाही. इंग्रजीत ते सर्वनामं चुकवून जमतं. घरी मुलांना ही गोष्ट मराठीत सांगायला बसलं की दुसऱ्या वाक्यालाच ‘गेला’ की ‘गेली’ असं अडतं. सांगणाऱ्याने ‘त्यांनी म्हटलं’, ‘त्यांनी मंत्र टाकला’ अशी वाक्यं धरावीत. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदात कर्त्याचं लिंग दिसत नाही, त्यामुळे गुपित टिकतं. डरकॉनच्या बोलण्यावर स्कॉटिश हेल आहे आणि स्पेलिंगही तशीच मोडलेली. कळवण-सटाण्याकडची अहिराणी छापलेली पाहिली की डोळा अडतो, ऐकली की कान समजून घेतो, तसंच इथे. त्याची वाक्यं मोठ्याने वाचावीत. हेलीची वाचा जाते त्या टप्प्यात तिचं बोलणं अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेलं आहे. किल्ली भागागणिक बदलते, त्यामुळे एकदा सोडवलेलं कोष्टक पुढे चालत नाही. एकटं अक्षर दिसलं तर ते बहुधा ‘ए’ किंवा ‘आय’, तिथून सुरुवात करावी. न सोडवताही गोष्ट कळते.

आता गतीकडे. पहिले 500 भाग साधारण चार वर्षांत आले. पुढच्या 500 ला आठ वर्षं लागली. त्यानंतरच्या केवळ 300 ना पुन्हा साधारण तेवढीच. म्हणजे सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन भाग, आता महिन्याला दोन-तीन. वाचक याला आळस म्हणतात, ते चूक आहे. चित्रांची घडणच बदलली आहे. 947 व्या भागापासून रेखाटन नव्याने आखलं गेलं: पात्रांचे तपशील वाढले, पार्श्वभूमी भरीव झाली, प्रकाश आणि सावल्या आल्या. आधीचा एक भाग म्हणजे बारा-पंधरा चौकटींचं एक पान असे, आता एका भागात अनेकदा दोन पानांचा ऐवज असतो. लेखन, रेखाटन आणि रंग हे सगळं एकच माणूस करतो. शिवाय 2012 च्या सप्टेंबरमध्ये फुटलेल्या काचेने बर्ल्यू यांच्या हाताला गंभीर इजा झाली आणि काम काही महिने थांबलं. चित्रकाराचा हात हीच त्याची सगळी यंत्रसामग्री.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, आणि मंदगतीच्या कारणांत ती फारशी कुणी धरत नाही. तिसरं पुस्तक पुन्हा छापण्यासाठी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 57,750 डॉलर मागितले होते. 21 फेब्रुवारी 2012 ला मोहीम बंद झाली तेव्हा 14,952 लोकांनी 12,54,120 डॉलर दिले होते. अपेक्षेच्या वीसपटीहून जास्त. पैशासोबत वचनंही वाढली: जादा गोष्टी, चित्रं, भेटवस्तू. ती पुरी करायला वर्षानुवर्षं गेली आणि तो सगळा वेळ मूळ कॉमिकच्याच वाट्यातून गेला. एकट्याने काम करणाऱ्या कुठल्याही मराठी चित्रकाराने वाचकांकडून वर्गणी काढण्याआधी एवढा एक धडा घ्यावा: भेटीदाखल नवं काम देऊ करू नये, झालेल्या कामाचीच प्रत द्यावी. नाहीतर वर्गणी म्हणजे कर्जच.

संपवावं की चालू द्यावं, हा वाद घालणारे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधतात. एक प्रश्न वेगाचा, दुसरा शेवटाचा. काही कॉमिकना शेवटाची गरजच नसते. ‘चिंटू’ 1991 च्या नोव्हेंबरमध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालं, चिंटूचं वय वाढलं नाही आणि कुणाची तक्रार नव्हती, कारण तीन-चार चौकटींत त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मिटत असे. उद्याची उधारी नाही. ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ मात्र सगळं उधारीवर चालतं. प्रत्येक पुस्तक वाचकाकडून विश्वास घेतं आणि परतफेड पुढच्या पुस्तकावर ठेवतं. अशा गोष्टीला शेवट द्यावाच लागतो.

आणि हे वचन गोष्टीच्या पोटातच लिहिलेलं आहे. 2006 मध्ये टोळी एका भविष्यवेत्त्याकडे जाते. इलान विचारतो, या गोष्टीचा शेवट गोड होईल का? उत्तर मिळतं, हो, निदान तुझ्यासाठी तरी. जिथे पात्रानेच शेवट मागितला आणि लेखकाने तो कबूल केला, तिथे ‘असंच चालू राहू दे’ म्हणणं म्हणजे गोष्टीचा पायाच काढून घेणं. दुसरं उदाहरण त्याहून नेमकं. 2008 मध्ये तोच भविष्यवेत्ता सांगतो की बेल्कर हे वर्ष संपायच्या आत शेवटचा श्वास घेईल, कायमचा. पात्रांचं ते एक वर्ष अजून संपायचं आहे. वाचकांची मात्र त्यानंतर पंधराहून जास्त वर्षं गेली. तेव्हा दहावीत असलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जातात आणि बेल्कर जिवंत आहे.

याचा तोटा झाला का? नाही. उलट बेल्करचा स्वभाव इतक्या हळू बदलतो की तो कधी बदलला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. सुरुवातीला गंमत म्हणून खून करणारा हा प्राणी एका मांजरावर जीव लावतो, पुढे दुसऱ्यासाठी थांबायला शिकतो. वेगाने केलं असतं तर हे खोटं वाटलं असतं. रेडक्लोकचंही तसंच. गॉब्लिनांना देवांनी मुळातच कमी वाटा दिला, हे त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्या खऱ्या म्हणण्यासाठी तो जे करतो ते भयंकर आहे. या दोन्ही बाजू वाचकाच्या मनात रुजायला वर्षं लागली आणि ती सत्कारणी लागली.

तोटा होतो तो वेगळ्या जागी, लढाईत. सातव्या पुस्तकात सेरिनीशी, म्हणजे शेवटच्या दाराच्या राखणदारणीशी, झालेला सामना हे त्याचं उदाहरण. सहा नायक, त्यांच्यासोबतचे इतर, समोर सेरिनी आणि तिचे साथीदार. सहा सेकंदांच्या फेरीत प्रत्येकाला पाळी द्यायची आणि प्रत्येकाची युक्ती दाखवायची. कागदावर हे एका बैठकीत वाचून होतं आणि उत्तम वाटतं. पण महिन्याला दोन भाग या दराने तीच लढाई महिनोन्‌महिने चालते. मध्येच कोण बेशुद्ध आहे, कोण कुठल्या भिंतीमागे आहे, कुणाचे कुठले मंत्र संपले, हे लक्षात राहत नाही. संवादाचा प्रसंग तीन आठवड्यांच्या खंडानंतरही उचलता येतो, लढाईचा येत नाही. कारण लढाईत अर्थ पात्रांच्या जागांवर असतो आणि जागा ही विसरायला सगळ्यांत सोपी गोष्ट. दोष वेगाचा नाही, तुकडे करण्याच्या पद्धतीचा आहे. लढाईचे चार-पाच भाग साठवून एकदम टाकले असते तर एकूण काम तेवढंच राहून वाचन दुप्पट चांगलं झालं असतं. उरलेल्या अंतिम लढाईसाठी तरी लेखकाने हे करावं. आमची सर्वांत आग्रहाची सूचना हीच.

चालू उधारी किती आहे, तेही मोजून पाहावं, कारण शेवट जवळ आहे की नाही हे त्यावरूनच कळतं. अंधारात लपलेला राक्षस नेमका कोण, हे पहिल्या पुस्तकापासून बाकी आहे. वारसूव्हियसच्या सौद्याचे उरलेले हप्ते बाकी. बेल्करचा श्वास बाकी. रेडक्लोक आणि झायकॉन यांच्यातलं खोटं उघडं पडणं बाकी. भोकाच्या पलीकडे जे दिसलं त्याचा अर्थ बाकी. रॉयच्या घराण्याची शपथ बाकी. सहा मोठ्या रकमा. दिलासा असा की सातव्या पुस्तकाने यांत सातवी मोठी रक्कम वाढवलेली नाही. नवी पात्रं आली ती जुन्याच हिशेबात बसणारी. लांबलेली कॉमिक बिघडतात ती नवी दारं उघडत गेल्यामुळे. इथे दारं मोजकी होती, पाच, आणि एकच उरलं आहे. म्हणून घाईने गुंडाळा असं म्हणायला जागा नाही आणि आणखी ताणा असं म्हणायलाही नाही.

शेवट केला की उत्पन्न आणि वाचक दोन्ही जातील, ही भीती ‘श्लॉक मर्सिनरी’ या दुसऱ्या वेबकॉमिकने खोटी ठरवलेली आहे. 12 जून 2000 ते 24 जुलै 2020, एकही दिवस न चुकवता रोज एक भाग, आणि मग ठरवून पूर्णविराम. त्यानंतरही त्याची छापील पुस्तकं निघत राहिली. ‘होमस्टक’ हे तिसरं वेबकॉमिक 13 एप्रिल 2009 ला सुरू होऊन बरोबर सात वर्षांनी, 13 एप्रिल 2016 ला संपलं. पण त्यातला बराच भाग फ्लॅश या, ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणाऱ्या तंत्रावर उभा होता आणि 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार निघाल्यावर ते मुळात होतं तसं पाहणं अवघड झालं. ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या बाबतीत सुरक्षित आहे. साधी स्थिर चित्रं, क्रमांक घातलेले भाग, एक यादी. वीस वर्षांपूर्वीचा भाग आजच्या फोनवर तसाच उघडतो. लांबलचक गोष्ट मांडायला यापेक्षा टिकाऊ मांडणी नाही.

फोनवर वाचताना मात्र डोळ्यांना त्रास होतो. चित्रं उभ्या पानाच्या मापाची आणि अक्षरं बारीक, त्यामुळे फोन आडवा धरून वाचावं. दहा इंची टॅबलेटवर पान जवळजवळ पूर्ण मापात दिसतं. संकेतस्थळावर वाचन फुकट आहे आणि नाव नोंदवावं लागत नाही. नवा भाग आला का हे रोज जाऊन पाहू नये. ठरलेला वार नाही, त्यामुळे दहांतल्या नऊ फेऱ्या रिकाम्या जातात आणि कॉमिकवर उगाच राग धरला जातो. आरएसएस फीड, म्हणजे नवा भाग आला की आपोआप कळवणारी सोय आहे, ती एखाद्या वाचक-ॲपमध्ये घालून ठेवावी.

छापील पुस्तकांत संकेतस्थळावर नसलेले जादा भाग आणि प्रत्येक प्रकरणाआधी लेखकाचं टिपण असतं. टिपणं खरोखर वाचनीय आहेत, कुठला प्रसंग का हलवला हे त्यांत कळतं. पण पुस्तकं अमेरिकेतून यायची. नाशिकपर्यंतचा टपालखर्च आणि सीमाशुल्क धरलं तर एकेक प्रत फार महाग पडते. डिजिटल प्रती घ्याव्यात. त्यातही आधी ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ घ्यावं. झायकॉन आणि रेडक्लोक यांची ही पूर्वकथा संकेतस्थळावर नाही आणि तिच्याशिवाय रेडक्लोक अर्धाच कळतो. ती 484 व्या भागानंतर वाचावी, आधी नाही. आधी वाचली तर दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकातले काही धक्के वाया जातात. ‘ऑन द ओरिजिन ऑफ पीसीज’ ही नायकांची पूर्वकथा हलकीफुलकी आहे, 121 नंतर कधीही चालेल, नाही वाचली तरी अडत नाही.

वयाचं सांगायचं तर बारा-तेरापासून पुढे ठीक. रक्त काड्यांच्या माणसांचं असलं तरी मरणं पुष्कळ आहेत, आणि चौथ्या पुस्तकातला तो सौदा लहान मुलांसाठी नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने वाचायचा वेग स्वतः ठरवावा. एका बैठकीत शंभर भाग वाचणारे पहिल्या पुस्तकातच थकतात, कारण विनोद एकाच जातीचे आहेत. पंचवटीत चातुर्मासात पोथी लावतात, रोजचा वाटा ठरलेला आणि समाप्तीचा दिवसही ठरलेला. तीच पद्धत इथे लागू पडते. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हे साधारण 118 ते 120 दिवस. रोज दहा भाग, सुरुवातीला वीस मिनिटं आणि 947 नंतर अर्धा ते पाऊण तास. या दराने कार्तिकीच्या आसपास 1189 वा भाग येतो, म्हणजे सहावं पुस्तक पूर्ण होतं. तिथे थांबावं. 1190 पासून पुढचं लगेच सुरू करू नये; सातवं पुस्तक संपल्याची खबर आली की 1150 पासून पुन्हा उचलावं, म्हणजे मागचे धागे हातात येतात आणि शेवटची लढाई तुकड्यांत वाचावी लागत नाही.